घरगुती व्यवसायाच्या सरकारी नोंदण्या: कुठे खरंच सोपं झालंय, कुठे फक्त वाटतंय

महाराष्ट्रात घरून डबे, फराळ, पापड-लोणची, शिवणकाम, शिकवण्या किंवा साड्यांची विक्री करणाऱ्यांसाठी गेल्या काही वर्षांत नियम बरेच सैल झाले. निदान कागदावर तरी. हा आढावा त्या ऑनलाइन सेवांचा आहे: शॉप अ‍ॅक्टची सूचना, अन्न नोंदणी, वैधमापन (वजन-मापांवर नजर ठेवणारं खातं), जीएसटी आणि उद्यम (लहान उद्योगांची केंद्राची नोंदणी). प्रत्येकीला पाचपैकी गुण दिले आहेत. सुटी-सुटी पाहिली तर यातली जवळजवळ प्रत्येक सेवा आधीपेक्षा बरी आहे. घोळ आहे तो जोडणीत. प्रत्येक पोर्टल स्वतःपुरतं ‘सोपं’ झालं, पण व्यवसाय जिथे चालतो ते घर कुठल्या नियमात बसतं, हे कुणीच कुणाला विचारत नाही.

गुमास्ता, म्हणजे शॉप अ‍ॅक्टची सूचना: पाचपैकी अडीच

२०१७ च्या महाराष्ट्र दुकाने व आस्थापना कायद्याने १९४८ चा जुना कायदा मोडीत काढला आणि १० पेक्षा कमी कामगार असलेल्यांना नोंदणीतून मोकळं केलं. (सप्टेंबर २०२५ मध्ये मंत्रिमंडळाने ही रेषा २० वर न्यायचं ठरवलं, घरगुती व्यवसायाला त्याने काही फरक पडत नाही.) आता फक्त ‘सूचना’ द्यायची. नमुना ‘एफ’ भरायचा, नमुना ‘जी’ची पावती घ्यायची, तीही व्यवसाय सुरू केल्यापासून ६० दिवसांत. दरवर्षी नूतनीकरणाची कटकट नाही. मुंबईत हे काम महापालिकेकडे, बाकी ठिकाणी कामगार विभागाकडे.

लोक अजूनही या पावतीला ‘लायसन’ म्हणतात आणि एजंटही तसंच सांगून पैसे घेतात. ती परवानगी नाही. ‘आम्ही इथे असा व्यवसाय करतोय’ हे तुम्ही कळवलंत, एवढीच तिची किंमत. त्या जागेत व्यवसाय करणं कायदेशीर आहे, असं ती कुठेही म्हणत नाही. सोसायटीच्या सभेत ही पावती फडकावून वाद जिंकता येत नाही तो यामुळे.

मग घ्यायचीच कशाला? मुख्यतः बँकेसाठी. मालकीच्या (प्रोप्रायटरी) फर्मचं चालू खातं उघडताना रिझर्व्ह बँकेच्या केवायसी नियमांनुसार फर्मच्या नावाचे दोन पुरावे लागतात. गुमास्त्याची पावती हा एक, उद्यमचं प्रमाणपत्र हा दुसरा. जीएसटी नसलेल्या घरगुती व्यावसायिकाला हीच जोडी सगळ्यात स्वस्त पडते. मात्र दोन्हींवर फर्मचं नाव अक्षरन् अक्षर सारखं हवं. एकीकडे ‘श्री गजानन गृहउद्योग’ आणि दुसरीकडे ‘श्रीगजानन गृह उद्योग’ झालं, की बँकेतला माणूस अर्ज बाजूला ठेवतो. नाव आधी कागदावर मराठीत आणि इंग्रजीत लिहून ठेवा आणि प्रत्येक फॉर्ममध्ये तेच उतरवा.

अर्जात ओळखपत्र, पत्त्याचा पुरावा, फोटो, सही आणि स्वयंघोषणापत्र लागतं. ते सगळं सरळ आहे. अडतं ते आस्थापनेच्या फोटोपाशी, म्हणजे मराठी नामफलक दिसेल असा समोरून काढलेला फोटो. २०२२ च्या दुरुस्तीनंतर १० पेक्षा कमी कामगारांच्या आस्थापनांनाही देवनागरी लिपीतला मराठी फलक बंधनकारक झाला आणि दुसऱ्या भाषेतली अक्षरं त्याहून मोठी चालत नाहीत. दुकानासाठी ठीक आहे. तिसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये ब्लाउज शिवणाऱ्या बाईंनी फलक लावायचा कुठे? बहुतेक जण एका कागदावर नाव छापून दाराला चिकटवतात, फोटो काढतात आणि अर्ज पुढे जातो.

पण खरी गंमत पुढेच आहे. शहर नियोजनाच्या नियमांत (मुंबईत विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावली २०३४, उर्वरित राज्यात बहुतेक ठिकाणी २०२० ची एकत्रीकृत नियमावली) घरगुती व्यवसायाची व्याख्या दिलेली आहे आणि ती चांगलीच घट्ट आहे. काम तिथेच राहणाऱ्या कुटुंबातल्या माणसानेच करायचं, पगारी मजूर न ठेवता. इमारतीच्या बाहेरून तिथे राहण्याखेरीज दुसरं काही चालतं हे दिसता कामा नये. तिथेच तयार झालेली वस्तूच विकायची. यंत्रं घरगुती वापरात असतात तेवढीच. आणि लोकांना बसवून खाऊ-पिऊ घालण्याची जागा या व्याख्येत बसतच नाही.

आता दोन्ही नियम शेजारी ठेवून वाचा. एक म्हणतो फलक लावा आणि त्याचा फोटो पाठवा; दुसरा म्हणतो बाहेरून काही दिसायला नको. एक कामगार ठेवणाऱ्या लहान आस्थापनांनाही नुसतं कळवून मोकळं करतो. दुसऱ्यात पापड लाटायला रोजंदारीवर एक बाई ठेवली तरी व्याख्या मोडते. आणि सुरतहून साड्या आणून घरातून विकणं, जो गल्लोगल्ली चालणारा व्यवसाय आहे, तो या व्याख्येप्रमाणे ‘घरगुती’ ठरत नाही, कारण साडी घरात विणलेली नाही. डबे बनवून पोहोचवणं एक वेळ चालेल. पण त्याच स्वयंपाकघराशेजारी चार टेबलं टाकून मेस चालवली, की प्रकरण वेगळ्या नियमाखाली जातं.

या विसंगतीवर नागरिकाच्या हातात आज एकच व्यवहार्य उपाय आहे. फलक दाराच्या चौकटीच्या आत राहील एवढा लहान, गॅलरीत किंवा जिन्यात काही नाही. शासनाने खरंच काही सैल करायचं असेल तर घरगुती व्यवसायाची ही व्याख्याच बदलायला हवी: दोन बाहेरच्या माणसांपर्यंत मुभा, बाहेरून आणलेल्या मालाच्या विक्रीला ठरावीक क्षेत्रफळापर्यंत मुभा, आणि निवासी जागेसाठी फलकाच्या फोटोची अट रद्द. शॉप अ‍ॅक्टमध्ये कितीही सवलती दिल्या तरी हा तिढा तिथून सुटणार नाही.

अन्न नोंदणी: फॉस्कॉस, पाचपैकी साडेतीन

खाण्याचा पदार्थ विकायचा तर घर असो वा दुकान, एफएसएसएआयची (केंद्राच्या अन्न सुरक्षा प्राधिकरणाची) नोंदणी हवीच. २०२० पासून ती फॉस्कॉस या पोर्टलवर होते. महाराष्ट्रात ती अन्न व औषध प्रशासनाकडे जाते. लहान व्यावसायिकासाठी नमुना ‘ए’ची साधी नोंदणी आहे. २०११ च्या विनियमांनी तिची रेषा वर्षाला १२ लाखांच्या उलाढालीवर आखली, शुल्क वर्षाला १०० रुपये ठेवलं, आणि दूध-मांस सोडून इतर पदार्थांसाठी दिवसाला १०० किलो किंवा लिटर उत्पादनाची मर्यादा घातली. त्यापुढे परवाना लागतो. या आकड्यांत फेरबदल होऊ शकतात, तेव्हा अर्जाच्या दिवशी पोर्टल जी मर्यादा दाखवेल तीच धरायची. कागदपत्रं मोजकी: फोटो, ओळखपत्र, जागेचा पुरावा.

१२ लाख ऐकायला मोठे वाटतात. दिवसाला ४० डबे, ८० रुपयांना एक: ३,२०० रुपये. महिन्याचे ९६,०००, वर्षाचे साडेअकरा लाख. म्हणजे बऱ्यापैकी चाललेली डबेवाली त्या १२ लाखांच्या रेषेला टेकलेलीच. आणि हा आकडा नफ्याचा नाही, विक्रीचा आहे. नफा धरून उलाढाल लिहिणारे पुढे अडचणीत येतात, कारण तपासणारा अधिकारी बँक खात्यातली जमा बघतो.

पोर्टलचा सगळ्यात कमकुवत भाग म्हणजे ‘व्यवसायाचा प्रकार’ निवडण्याची पायरी. पर्यायांची यादी लांबलचक, शब्द नियमावलीतले. डबे देणाऱ्यांसाठी घरगुती खानावळ किंवा डबेवाला असा वेगळा प्रकार आहे, तो नीट शोधावा. पापड, चकली, लोणचं पॅक करून विकणाऱ्यांनी मात्र उत्पादकांचा प्रकार घ्यायचा, किरकोळ विक्रेत्याचा नव्हे. दोन्ही करत असाल तर दोन्ही निवडता येतात. सगळ्यात महागडी चूक म्हणजे ‘ई-कॉमर्स’वर खूण करणं. एखाद्या अ‍ॅपवरून ऑर्डर येतात म्हणून लोक ती करतात. तो प्रकार खुद्द ऑनलाइन बाजार चालवणाऱ्या कंपन्यांसाठी आहे आणि तो निवडला की अर्ज थेट केंद्रीय परवान्याच्या रांगेत जातो, जिथलं शुल्क काही हजारांत असतं. एजंटाने काय भरलंय हे अर्ज दाखल होण्याआधी स्वतःच्या डोळ्यांनी बघा. नोंदणीच्या जागी परवान्याचा अर्ज केलेली प्रकरणं कमी नाहीत.

नियमातली एक चांगली तरतूद फार कुणी वापरत नाही. अर्ज केल्यापासून ७ दिवसांत नोंदणी मिळाली नाही, नाकारलीही नाही, तपासणीची नोटीसही आली नाही, किंवा ३० दिवसांत काहीच निर्णय कळला नाही, तर लहान व्यावसायिक काम सुरू करू शकतो. म्हणून अर्जाचा संदर्भ क्रमांक आणि शुल्काची पावती जपून ठेवायची. अर्ज परत आला असेल तर ही मुदत तुमच्या बाजूने चालत नाही. दर दोन दिवसांनी लॉगिन करून बघणं भाग आहे, कारण एसएमएसवर भरवसा ठेवण्यासारखी परिस्थिती नाही.

मिळणारा क्रमांक १४ अंकी असतो. नोंदणीचा २ ने सुरू होतो, परवान्याचा १ ने. घरी आल्यावर पहिला अंक बघितला तरी एजंटाने नेमकं काय काढून दिलं ते कळतं.

लेबल: इथे सगळे चुकतात

फॉस्कॉसचा क्रमांक मिळाला की लोकांना वाटतं झालं. पॅक करून विकणाऱ्यांचं अजून अर्धं बाकी असतं, आणि याची आठवण कोणतंच पोर्टल करून देत नाही. २०११ च्या पॅकबंद वस्तू नियमांनुसार पॅकिंग सुरू केल्यापासून ९० दिवसांत वैधमापन शास्त्र यंत्रणेकडे उत्पादक किंवा पॅकर म्हणून नोंदणी करायची असते. शुल्क ५०० रुपये. दंड लागतो तेव्हाच बहुतेकांना हे खातं आहे हे कळतं.

पाकिटावर काय हवं: पदार्थाचं नाव, वजनाच्या उतरत्या क्रमाने घटक, शाकाहारी-मांसाहारी चिन्ह, अ‍ॅलर्जी आणणारे घटक (शेंगदाणे, गहू, दूध वगैरे), निव्वळ वजन, बॅच क्रमांक, बनवल्याची तारीख, वापराची अंतिम तारीख, सर्व करांसहित कमाल किंमत, प्रति ग्रॅम किंवा प्रति किलो पडणारा दर, पूर्ण पत्ता, तक्रारीसाठी फोन किंवा ईमेल, आणि एफएसएसएआयचं चिन्ह व क्रमांक. दहा ग्रॅमपर्यंतच्या पुड्यांना वैधमापन नियमांत बरीच सूट आहे.

चुका ठरलेल्या. इंग्रजीत वजन लिहिताना ग्रॅमसाठी एकच अक्षर चालतं, ‘जीएम’ किंवा ‘जीएमएस’ लिहिलं की ती त्रुटी. प्रति ग्रॅम दर तर ऐंशी टक्के घरगुती पाकिटांवर नसतोच असं म्हणावंसं वाटतं. नक्की आकडा सोडा, जवळच्या महिला बचत गटाच्या प्रदर्शनात चक्कर मारून बघा. आणि भाषा: पाकिटावरचा हा अनिवार्य मजकूर इंग्रजीत किंवा देवनागरी हिंदीत असावा लागतो. मराठी जोडीला चालते, एकटी चालत नाही. दारावरचा फलक मराठीतच हवा आणि पाकिटावर नुसती मराठी पुरत नाही, हे एकाच गृहिणीने एकाच आठवड्यात सांभाळायचं असतं.

वजनकाट्याचंही बघा. ऑनलाइन मिळणारे स्वस्त स्वयंपाकघरातले काटे विक्रीसाठी चालत नाहीत. त्यांना मॉडेल मान्यता नसते, त्यामुळे त्यांच्यावर मुद्रांकनच (तपासणीचा सरकारी शिक्का) होत नाही. मान्यताप्राप्त इलेक्ट्रॉनिक काटा घ्यायचा आणि दर १२ महिन्यांनी मुद्रांकन करून घ्यायचं.

सेवा म्हणून वैधमापनला पाचपैकी दोन. काम अवघड नाही, पण घरगुती व्यावसायिकापर्यंत पोहोचायची तसदी या यंत्रणेने घेतलेली दिसत नाही. फॉस्कॉसवर ‘पॅकबंद विक्री करणार का?’ असा एक प्रश्न आणि ‘हो’ म्हटल्यावर या नोंदणीचा दुवा, एवढं जरी जोडलं तरी निम्मे दंड टळतील.

जीएसटी

इथे एक खरीखुरी सूट आहे आणि ती फार थोड्यांना माहीत आहे. एरवी ऑनलाइन बाजारातून वस्तू विकायच्या तर पहिल्या रुपयापासून जीएसटी नोंदणी लागायची. १ ऑक्टोबर २०२३ पासून राज्याच्या आत, उलाढालीच्या मर्यादेखाली (महाराष्ट्रात वस्तूंसाठी ४० लाख) विकणाऱ्यांना नोंदणीची गरज राहिली नाही. पॅन देऊन जीएसटी पोर्टलवरून एक नावनोंदणी क्रमांक घ्यायचा आणि तो त्या बाजाराला द्यायचा. विवरणपत्रं नाहीत, सीएची महिन्याची फी नाही. अट एवढीच की एकाच राज्यातून विक्री आणि राज्याबाहेर एकही पार्सल नाही. पर्याय मात्र नव्या नोंदणीच्या नेहमीच्या पानावर शोधत बसू नका. तो यूझर सर्व्हिसेसमध्ये, नोंदणी नसलेल्या अर्जदाराच्या यूझर आयडीखाली दडवलेला आहे.

राज्याबाहेरची अट हलक्यात घेऊ नये. कोल्हापूरहून बेळगावला किंवा सिंधुदुर्गातून गोव्याला कुरिअरने पाठवलेला विक्रीचा किलोभर चिवडा हा आंतरराज्य पुरवठा आहे, आणि वस्तूंच्या आंतरराज्य पुरवठ्याला उलाढालीची सूट नाही. अधिसूचित हस्तकला वस्तूंना अटींसह सवलत आहे, शिकवणी-डिझाइनसारख्या सेवांनाही आहे, चिवड्याला नाही. सीमाभागातल्या घरगुती व्यवसायांना हा नियम सगळ्यात जास्त काचतो.

नियम सैल केल्याबद्दल पाचपैकी चार; पोर्टलच्या मांडणीबद्दल दीड.

उद्यम: पाचपैकी साडेचार

या सगळ्यांत खरोखर नीट जमलेली सेवा हीच. १ जुलै २०२० पासून उद्योग आधारच्या जागी आली. आधार, त्याला जोडलेला मोबाइल आणि पॅन, बस. फी शून्य, नूतनीकरण नाही, एकही कागद अपलोड करायचा नाही. पॅन नसलेल्या अगदी लहान व्यावसायिकांसाठी जानेवारी २०२३ पासून उद्यम असिस्ट हा वेगळा मार्ग आहे.

नीट भरायचा तो फक्त एनआयसी कोड, म्हणजे व्यवसायाचा प्रकार सांगणारा सरकारी क्रमांक. पापडाला १०७९६, मापाने कपडे शिवण्याला १४१०५, शिकवणीला ८५४९१, केशकर्तन व सौंदर्यसेवेला ९६०२०. एकापेक्षा जास्त कोड टाकता येतात, तेव्हा पुढे जे करायचं ठरलं आहे तेही आधीच घाला. निव्वळ खरेदी-विक्री करणाऱ्यांनी एक लक्षात ठेवावं: व्यापाऱ्यांना उद्यमचा लाभ अग्रक्रम क्षेत्रातल्या (बँकांनी प्राधान्याने द्यायच्या) कर्जापुरताच आहे. ४५ दिवसांत पैसे मिळण्याचं संरक्षण उत्पादक आणि सेवा देणाऱ्यांना, तेही सूक्ष्म आणि लघु उद्योगांना. हे संरक्षण कामाचं आहे. २०२३–२४ या आर्थिक वर्षापासून लागू झालेल्या आयकराच्या तरतुदीमुळे (१९६१ च्या कायद्यातलं कलम ४३बी(एच)), मुदतीत पैसे न देणाऱ्या खरेदीदाराला तो खर्च त्या वर्षी दाखवता येत नाही. म्हणून बिलावर उद्यम क्रमांक छापून घ्यावा. कंपन्यांना कपडे किंवा दिवाळी फराळ पुरवणाऱ्यांच्या वसुलीत याने फरक पडतो.

अर्धा गुण कापला तो सारख्या दिसणाऱ्या खाजगी संकेतस्थळांमुळे. शोधयंत्रात वरच जाहिराती येतात, अशोकस्तंभासारखं काहीतरी दिसतं, आणि फुकटच्या नोंदणीचे हजारो रुपये उकळले जातात. पत्त्याच्या शेवटी ‘जीओव्ही डॉट इन’ नसेल तर आधार क्रमांक टाकू नका. शिवाय नोंदणीनंतर कर्ज आणि प्रमाणपत्रं विकणाऱ्यांचे फोन सुरू होतात. जमलं तर वेगळा मोबाइल क्रमांक द्या.

वीज आणि गॅस

हे पोर्टल नाही, पण घरगुती व्यवसायाला मिळालेली सर्वात उपयोगी सवलत वीजदरात आहे. वीज नियामक आयोगाच्या दरआदेशांनुसार घराच्या काही भागात व्यवसाय चालत असला तरी महिन्याचा वापर ३०० युनिटपर्यंत आणि आधीच्या आर्थिक वर्षाचा वापर ३,६०० युनिटपर्यंत असेल तर निवासी दरच लागतो. वर्षअखेरीस हिशेब होतो. ओलांडलं तर आधी कळवून वर्गवारी बदलली जाते. वीज कंपनीचं पथक आलं आणि शिलाई मशीन बघून ‘व्यापारी दर लावू’ म्हणालं, तर मागच्या आर्थिक वर्षाच्या १२ बिलांची बेरीज दाखवावी.

पण गॅसचं काय? १४.२ किलोचं घरगुती सिलिंडर व्यवसायाला वापरता येत नाही. त्यासाठी १९ किलोचं व्यावसायिक. फ्लॅटमध्ये ते आणलं की सोसायटीचा आक्षेप ठरलेला. मग इंडक्शन. २,००० वॉटची शेगडी पूर्ण शक्तीवर रोज तीन तास चालली तर दिवसाला ६ युनिट, महिन्याला १८०. घरचा नेहमीचा वापर १५० धरला तर झाले ३३०, म्हणजे निवासी दराची सवलत गेली. डबे करणाऱ्यांना गॅसचा नियम टाळायला गेलं की विजेचा आडवा येतो. शिवणकाम, शिकवणी, हस्तकला यांना ३०० युनिट सहज पुरतात. अन्नाच्या व्यवसायाला आणि डीप फ्रीझर ठेवणाऱ्यांना नाही. तिथे सुरुवातीपासूनच वेगळं मीटर घेऊन व्यावसायिक दराचा खर्च पदार्थाच्या किमतीत धरणं बरं, कारण वर्गवारी बदलल्यावर डब्याचा दर एकदम वाढवला की गिऱ्हाईक तुटतं.